शेळ्या मोजता, तशी पोरं मोजा

मिनिटं मोजकीच आहेत, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. पोरं पळवणारा माणूस तोंडावरून ओळखता येत नाही.

१९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका नि सीमा गर्दीतून लहान मुलं उचलत होत्या. पुणे, कोल्हापूर, नाशिक, कुठं कुठं नाही! कडेवर पोर घेतलेल्या बाईवर कोण संशय घेणार? त्याच्याच आडून चोऱ्या चालायच्या. उलट १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पाच डवरी गोसावी, पोरं पळवतात या निव्वळ अफवेवरून ठेचून मारले. भिक्षा मागायला आले होते बिचारे. म्हणजे ज्यांच्यावर डोळा ठेवायचा त्या सहा वर्षं नजरेतून सुटत राहिल्या, आणि ज्यांनी काही केलं नाही ते मेले. मोबाईलवर आलेलं पुढं ढकलणाऱ्यांनो, ऐकताय ना?

आता आपल्या न्हावरे गावाकडचं बोलू. दिवस मावळला की आपण शेळ्या मोजून आत घेतो. एक कमी भरली तर चहा घशाखाली उतरत नाही. पोरगं मात्र "असंल चुलत्याकडं"! शेळी पाला दाखवील त्याच्या मागं जाते. पोरही खाऊ दाखवील त्याच्या मागं जातं, त्यात त्याचा दोष नाही. पण शेळी धन्याची हाक ओळखते. तशी घरात एक खुणेची हाक ठरवा, एखादा शब्द. "आईनं बोलावलंय" म्हणत कुणी आलं, तर पोरानं तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही, की ओरडत घराकडं पळायचं. ओळखीचा असला तरी! पुन्हा सांगतो, ओळखीचा असला तरी. आणि हा शब्द शेजारणीला कौतुकानं सांगत बसू नका, बायांनो.

पोर दिसेना झालं तर देवळात, विहिरीवर शोधा, पण त्याच वेळी एकानं पोलीस ठाणं गाठायचं. चोवीस तास थांबायचं हे कुठल्याही कायद्यात नाही. हरवलेल्या मुलाचा गुन्हा लगेच नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय. फोन ११२, नाहीतर १०९८. अंगात कोणत्या रंगाचा सदरा होता, हे सकाळीच बघून ठेवत जा.

दौंड जंक्शनवरच्या गर्दीचं बोलायचं राहिलं. आणि उसाच्या फडात आई-बाप कोयता चालवतात, तेव्हा कोपीवर सहा वर्षांची ताई धाकट्याला सांभाळत असते. तिला खुणेचा शब्द कुणी शिकवायचा? कारखान्याच्या मंडळींनी, मुकादमांनी... बरं, वेळ संपली म्हणून स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवतायत.