कामगाराचा ठावठिकाणा



आम्ही जे शिकलो ते गेटसभेत. कारखान्याच्या छपराखाली उपग्रहाचा संदेश क्षीण होतो. म्हणून तिथे खांबाखांबांवर अनेक अँटेना लावून त्यांना एकत्र काम करायला लावतात. कामगाराच्या फोनची रेडिओलहर प्रत्येकीकडे केव्हा पोचली, या फरकावरून त्याची जागा काढतात. सेकंदाच्या अब्जाव्या भागात लहर सुमारे ३० सेंटिमीटर जाते. तेव्हा अँटेनांची घड्याळे तितकीच काटेकोर जुळलेली हवीत. नाहीतर जागा चुकते.

या ज्ञानाने फोर्कलिफ्ट वेळीच थांबून जीव वाचेल. आणि पाणी प्यायला गेलेल्याची मिनिटेही मोजली जातील. यंत्राशी आमचे भांडण नाही. नोंद कोणाच्या हाती, किती दिवस राहावी, हे ठरवताना कामगारालाही बोलवा, एवढेच आमचे मागणे.