कन्हानकाठची कामठी
(स्वागताध्यक्षीय भाषण)

कन्हान नदी सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. नागपूर जिल्ह्यात आल्यावर पेंच आणि कोलार यांचे पाणी घेऊन ती रुंद होते आणि पुढे आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. या प्रवासात तिच्या उजव्या काठावर, नागपूरच्या ईशान्येला सुमारे १५ किलोमीटरवर, कामठी वसली आहे.

गावाचा लिखित इतिहास दोनशे वर्षांचा आहे, पण त्याच्या नावाने ओळखला जाणारा दगड त्याहून फार जुना आहे. कामठी आणि जवळच्या सिलेवाडा येथील खाणींतून निघणारा वालुकाश्म सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरात मिशनचे काम करणारे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी या परिसरातील जीवाश्म गोळा करून अभ्यासकांपुढे आणले. पुढे भूशास्त्रज्ञांनी या थरांना ‘कामठी’ हेच नाव दिले. गोदावरीच्या खोऱ्यात किंवा ओडिशात असे खडक आढळले तरी पुस्तकात नाव कामठीचेच येते. एवढा मान मिळालेली गावे देशात थोडी आहेत. गावातल्या शाळकरी मुलांना मात्र ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

वस्तीचा प्रारंभ राजकीय घडामोडींतून झाला. १८१६ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीची लढाई झाली आणि राज्याची खरी सूत्रे इंग्रज रेसिडेंटच्या हाती गेली. फौज राजधानीपासून जवळ असावी आणि तिला बारमाही पाणी मिळावे, या हिशेबाने १८२१ मध्ये कन्हानकाठी छावणी उभी राहिली. ‘कॅम्प’ या शब्दावरून कामठी झाले, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. तिला लोककथेपेक्षा जास्त वजन देण्याचे कारण नाही. मोदी पडाव, गोरा बाजार आणि बैल बाजार या मोहल्ल्यांच्या नावांत छावणीच्या खुणा अधिक स्पष्ट दिसतात.

छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी असत. शिपायांच्या मागोमाग दुकानदार, कारागीर आणि नोकरचाकर आले. मारवाडी सावकारांनी पेढ्या उघडल्या; बन्सीलाल अबीरचंद यांची पेढी त्यांत सर्वांत नामांकित होती. उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आपले माग घेऊन आले. रुंद रस्ते, बागा, तलाव आणि ओळीने बांधलेली घरे यांमुळे गाव आखीव दिसे. कामठीचा मूळ रहिवासी शोधू गेल्यास बहुतेक घरांचा माग दुसऱ्या एखाद्या मुलखाकडे निघतो. मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू या भाषा एकाच बाजारात ऐकू येत, त्याचे कारण हे आहे.

१८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि व्यापाराची दिशा बदलली. १८८० च्या सुमारास छत्तीसगडकडे जाणारा मार्ग कामठीवरून गेला, तरी माल उतरण्याचे ठिकाण नागपूरच राहिले. पुढे छावणीतील फौजही कमी करण्यात आली. १८८१ च्या जनगणनेत कामठीची लोकसंख्या ५०,९८७ होती. १९०१ मध्ये ती ३८,८८८ वर आली. वीस वर्षांत बारा हजार माणसे घटली. दुष्काळ आणि साथींचाही तो काळ होता. तरीही गावाचा कणा मोडला तो प्रामुख्याने बाजार हलल्याने.

उरलेल्यांना पोटासाठी दोन धंदे होते: माग आणि बिडी. पूर्वेकडील जंगलांतून तेंदूपत्ता येई. पाने भिजवणे, कातरीने कापणे, तंबाखू भरून वळणे आणि दोऱ्याने बांधणे, हे सारे घराच्या ओसरीवर चाले. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळे आणि वाईट ठरवून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले जात. तंबाखूची धूळ घरभर पसरत असल्याने छातीचे विकार या घरांच्या पाचवीलाच पुजलेले असत.

कामठीच्या शिक्षणाचा इतिहास याच ओसऱ्यांपासून सांगावा लागतो. हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत झाला. वडील रेल्वेत कारकून होते. हरदासांना शिक्षणासाठी नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात जावे लागले. १९२७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. तेथे एका वेळी ८६ मुलगे आणि २२ मुली शिकत होत्या. संत चोखामेळा यांच्या नावाने त्यांनी ग्रंथालयही काढले. दिवसभर बिड्या वळणाऱ्या घरांतील २२ मुली रात्री कंदिलापाशी बसून अक्षरे गिरवत होत्या, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता साधी नव्हे. बिडी कामगारांची संघटना त्यांनी बांधली तीही याच काळात, आणि दोन्ही कामांमागे एकच विचार होता: हिशेब वाचता आल्याशिवाय मजुराला मजुरी मागता येत नाही.

७ मे १९३२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेचे अधिवेशन कामठीत भरले. अध्यक्ष मुनिस्वामी पिल्ले होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. त्याच्या काही आठवडे आधी हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. मुंजे आणि दलित नेते एम. सी. राजा यांच्यात दलित वर्गांसाठी संयुक्त मतदारसंघांचा करार झाला होता. कामठीच्या अधिवेशनाने तो नाकारून स्वतंत्र मतदारसंघांच्या बाजूने कौल दिला. देशभरातून आलेल्या प्रतिनिधींची व्यवस्था बिडी कामगारांच्या या गावाने केली. परिषदेसाठी येणाऱ्यांचा पाहुणचार करण्याची कामठीची परंपरा तेव्हापासूनची आहे आणि तिचा गावाला सार्थ अभिमान आहे.

‘जय भीम’ या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेयही हरदासांना दिले जाते. मुसलमान शेजारी ‘सलाम आलेकुम’ म्हणतात आणि त्याला ठरलेले उत्तर मिळते, हे पाहून आपल्या कार्यकर्त्यांनाही एक अभिवादन असावे असे त्यांच्या मनात आले, असे सांगितले जाते. ‘जय भीम’ला ‘बल भीम’ हे उत्तर त्यांनी सुचवले होते. उत्तराचा भाग मागे पडला आणि दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च म्हटले जाऊ लागले. ही हकीकत मोमीन मोहल्ल्याला लागून महार वस्ती असलेल्या कामठीत घडावी, हे स्वाभाविक वाटते. १९३७ मध्ये हरदास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी कन्हानच्या काठावर आहे.

नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले, परंतु कामठीच्या तरुणांना पदवीसाठी त्यानंतरही अनेक वर्षे नागपूरला जावे लागे. ज्या घरात रोजची मजुरी बुडवणे शक्य नव्हते, तेथे हे अंतरच शिक्षण थांबवण्यास पुरेसे होते, मुलींच्या बाबतीत तर अधिकच. १९६१ मध्ये सेठ केसरीमल पोरवाल महाविद्यालय सुरू झाले आणि कला, वाणिज्य व विज्ञान यांचे शिक्षण पायी जाण्याच्या अंतरावर आले. विणकरांच्या आणि बिडी कामगारांच्या घरांतून पहिले पदवीधर निघू लागले. उर्दू माध्यमात एम. एम. रब्बानी हायस्कुलाने असेच काम केले. पुढे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालयही आले. छावणीही ओस पडली नाही. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण प्रबोधिनी येथे आहे.

१९९९ मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर उभे राहिले. तेथील बुद्धमूर्ती चंदनाची आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीला येणारे हजारो लोक कामठीलाही येऊन जातात.

२०११ च्या जनगणनेनुसार कामठी नगरपालिकेची लोकसंख्या ८६ हजारांवर होती. रनाळा आणि येरखेडा या शेजारच्या गावांत नवी घरे वाढली असून नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा याच वाटेने कन्हानपर्यंत जाणार आहे. नागपूरच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी देणारी कन्हान नदी मात्र उन्हाळ्यात क्षीण होते. वाळूउपसा आणि औष्णिक केंद्रांची राख यांनी तिचे पात्र बिघडवले आहे. गाव जिच्यामुळे वसले तिची ही अवस्था पोरवाल महाविद्यालयातील विज्ञानाच्या वर्गात अभ्यासाचा विषय व्हावी, अशी स्वागत समितीची मनापासून इच्छा आहे.

परिषदेसाठी आलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समितीच्या व कामठीकरांच्या वतीने स्वागत आहे. सत्रांमधून सवड काढून हरदासांची समाधी, ब्रिटिशकालीन दगडी पूल आणि ड्रॅगन पॅलेस अवश्य पाहावेत. सिलेवाड्याच्या दगडांतील पाने पाहण्याची ज्यांना इच्छा असेल, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.