तुळईला तडा गेला तर



मृग लागण्यापूर्वी कौलांची शाकारणी करायची, ही आपली जुनी रीत. आता नवापूरपासून धडगावपर्यंत गावोगावच्या शाळा, पंचायतीच्या इमारती सिमेंट-काँक्रीटच्या झाल्या आणि काँक्रीटला काही होत नाही, असे आपण धरून चाललो. तसे नाही. आज तुळईविषयी, म्हणजे आपण जिला बीम म्हणतो तिच्याविषयी, चार गोष्टी सांगतो.

काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. गुरुजनहो, खोडरबराच्या बाजूवर उभ्या रेघा ओढून तो वाकवून मुलांना दाखवा. एका अंगाला रेघा जवळ येतात, दुसऱ्या अंगाला दूर जातात. भार पडला की तुळईचेही असेच होते. मधल्या भागात तिचा तळ ताणला जातो. म्हणून तळाशी लोखंडी सळया घालतात.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळईला गंज चढत नाही. पण गच्ची गळू लागली, किंवा सळईवरचे काँक्रीट पातळ अगर पोकळ राहिले, की आत ओल व हवा शिरते. गंजाला लोखंडाहून दुपटीपेक्षा अधिक जागा लागते. तो फुगतो, सळईच्या रेषेत तडा पडतो, तांबूस डाग उमटतो आणि एके दिवशी पोपडा खाली येतो. खाली वर्ग भरलेला असतो!

मग काय होते? गवंडी येतो, गिलावा करतो, चुना मारतो. खोली नव्यासारखी दिसते. पण पू तसाच ठेवून वरून पट्टी बांधल्यासारखे ते आहे. ५ जुलै १९८६ रोजी पणजी येथील मांडवी नदीवरचा पूल कोसळला; त्याच्याही पोटातल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. गंज असा आतून खातो.

खरी दुरुस्ती अशी. प्रथम गच्चीवरचे ओझे उतरवा, खोली रिकामी करा आणि तुळईला भक्कम टेकू द्या. टेकूवाचून छिन्नी लावू नये. हातोडीने ठोकून पाहावे. बद्द आवाज येईल तेवढे सैल काँक्रीट काढावे, सळईच्या मागपर्यंत. गंज घासून लोखंड उजळ करावे. सळई फार झिजली असेल तर अभियंता सांगेल तेवढी नवी सळई जुन्या चांगल्या भागाला पुरेशी जोड घेऊन बांधावी. मग गंजरोधक लेप आणि दुरुस्तीचा घट्ट मसाला किंवा बारीक खडीचे काँक्रीट. त्यावर निदान सात दिवस, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहा दिवस, पाणी मारलेच पाहिजे. गच्चीची गळती आधी थांबवा, नाही तर सारे व्यर्थ.

तुळई मुळातच दुबळी असेल, तर तिच्याभोवती नव्या सळया व कड्या बांधून काँक्रीटचे कवच चढवितात. कोठे पोलादी पट्टी, कोठे कार्बनच्या धाग्यांचे कापड चिकटवितात. मात्र आतला गंज काढल्यावाचून कापड गुंडाळणे म्हणजे पुन्हा तोच गिलावा. हे काम अंदाजाने करायचे नाही. हिशेब अभियंत्यानेच मांडला पाहिजे.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. खांबाजवळ किंवा भिंतीजवळ, तुळईच्या टोकाला तिरका तडा दिसला, तर वाट पाहू नका. तुळई फार न वाकता, एकाएकी तुटू शकते. त्याच दिवशी मुले बाहेर बसवा, झाडाखाली शिकवा, आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला लेखी कळवा.

कोणी म्हणेल, "गुरुजी, एवढ्याशा भेगेसाठी शाळा बंद करता?" त्यांना शांतपणे सांगा, शाळा बंद नाही; फक्त ती खोली बंद आहे. प्रत्येक तडा काही धोक्याचा नसतो. गिलाव्याच्या केसासारख्या भेगा पुष्कळ असतात. पण कोणती भेग कसली, हे ठरेपर्यंत तिच्याखाली मूल बसता कामा नये.

उद्या वर्गात गेलात की हजेरी घेण्यापूर्वी एकदा वर पाहा. डाग दिसला तर तारीख घालून वहीत नोंद करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा. महिन्याभराने भेग खुणेपलीकडे गेलेली दिसली, तर ती वही घेऊनच अभियंत्याकडे जा.