आसामची हाक आणि गिरणगावचे उत्तर



आज आम्ही आसामविषयी बोलणार म्हटल्यावर तुमच्यातले काहीजण म्हणतील, "अहो, आसाम कुठे आणि लालबाग कुठे? आमचे प्रश्न काय थोडे आहेत?" प्रश्न रास्त आहे. पण ज्या चहाच्या घोटावर आपण पाळ्यामागून पाळ्या काढल्या, तो चहा पिकवणारा मुलूख आसाम आहे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषा म्हणून ज्या पाच भाषांना मान्यता दिली, त्यांत मराठीच्या पंगतीला असमियाही बसली. एका पंगतीला बसलेल्याचे दुःख विचारू नये, ही महाराष्ट्राची रीत नव्हे.

मुलूख त्यांचा, कचेरी दुसऱ्याच्या भाषेत

१८२६ साली यांडाबूचा तह झाला आणि आसाम इंग्रजाच्या घशात गेला. दहाच वर्षांत, १८३६ साली, इंग्रजाने तिथल्या कोर्ट-कचेरीत आणि शाळेत बंगाली भाषा बसवली. असमिया ही निराळी भाषाच नाही, ती बंगालीची बोली आहे, असा साहेबाचा दावा. म्हणजे शेतकऱ्याने फिर्याद करायची ती दुसऱ्याच्या भाषेत, आणि पोराने पहिले अक्षर गिरवायचे तेही दुसऱ्याच्याच भाषेत! हे एक-दोन नव्हे, तब्बल ३७ वर्षे चालले.

याविरुद्ध कोण उभे राहिले? आनंदराम ढेकियाल फुकन नावाचा एक तरुण सरकारी अंमलदार. तो अवघी एकोणतीस वर्षे जगला, पण असमिया ही स्वतंत्र भाषा आहे हे त्याने साहेबापुढे पुराव्यानिशी मांडले. त्याच्या जोडीला आले अमेरिकन मिशनरी. त्यांनी १८४६ साली शिवसागरहून 'अरुणोदय' हे मासिक काढले आणि पुढे असमियाचा कोश छापला. अखेर १८७३ साली असमिया कचेरीत परत आली. बंधूंनो, ज्याची भाषा एकदा दारातून हाकलली गेली आहे, तो नेहमी दाराकडे डोळा लावून बसतो. आसामी माणसाच्या मनातली भीती समजून घ्यायची असेल, तर ही ३७ वर्षे आधी ध्यानात धरा.

बाहेरचा माणूस आणला कुणी?

आता लोक म्हणतात, आसामात बाहेरचे फार आले. आले खरे. पण आणले कुणी, हे कुणी विचारीत नाही.

१८३९ साली लंडनमध्ये आसाम कंपनी निघाली. चहाच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते. छोटा नागपूर, ओरिसा, तेलुगू मुलूख इथून दलालांनी माणसे भरून नेली, करारावर अंगठे घेतले. १८६५ च्या कायद्याने तर पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडायचा अधिकार मळेवाल्यालाच मिळाला! आपला मुकादम फार तर हजेरी कापायचा. तिथे मालक हाच फौजदार.

त्यानंतर पूर्व बंगालचा शेतकरी आला, विशेषतः मैमनसिंगचा. गावी जमीनदाराने पिळलेला, भूक मागे लागलेली. इंग्रजाला पडीक जमिनीचा सारा हवा होता, तागाची शेती हवी होती. ब्रह्मपुत्रेच्या वाळवंटी बेटांवर त्याने हा शेतकरी बसू दिला. १९४७ ला फाळणी झाली आणि निर्वासितांचे लोंढे लागले. १९७१ ला बांगलादेशाचे युद्ध झाले, पुन्हा माणसे आली.

चहाचा नफा गेला लंडनला आणि कलकत्त्याला. दिग्बोईला १९०१ पासून तेल शुद्ध होते, पण पुढे आणखी तेल सापडले तेव्हा मोठा कारखाना बिहारात बरौनीला काढायचे ठरले. आसामी जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे १९६२ साली गुवाहाटीजवळ नूनमाटीला एक कारखाना मिळाला. तेल आमच्या जमिनीतले आणि धुराडे दुसऱ्याच्या गावी! मुंबई कुणाची, म्हणून जे भांडले, त्यांना हे दुखणे वेगळे सांगायला नको.

तेव्हा आसामची तक्रार खोटी नाही. १९९१ च्या शिरगणतीत तिथे शेकडा ५७ च्या वर लोकांनी असमिया ही मातृभाषा लिहिली. २०११ ला हा आकडा ४८ वर आला. आपल्याच राज्यात आपली भाषा बोलणारे निम्म्याहून कमी झाले, हे ऐकून कुणाच्या पोटात गोळा येणार नाही?

१९६० सालचे धडे

पण रास्त तक्रार हाती धरूनही चुकीच्या वाटेने जाता येते, हेही आसामनेच दाखवले आहे.

१ मे १९६० ला आपले राज्य झाले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला आसामच्या विधानसभेने असमिया ही राजभाषा ठरवणारा कायदा केला. मागणी न्याय्यच होती. पण त्याआधीच दंगे पेटले होते. बंगाली वस्त्या जळल्या, हजारो माणसे परागंदा झाली. त्याच जुलैत गुवाहाटीत पोलिसांच्या गोळीने रणजित बरपुजारी हा विद्यार्थी पडला. पुढच्या वर्षी, १९ मे १९६१ ला, सिलचर स्टेशनावर बंगाली भाषेसाठी बसलेल्या सत्याग्रह्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ११ जण ठार झाले. फ्लोरा फाउंटनला आपली माणसे पडली ती आपल्या भाषेच्या राज्यासाठी. सिलचरचे पडले तेही आपल्या भाषेसाठीच. मग एकाला हुतात्मा म्हणायचे आणि दुसऱ्याला उपरा, हे कोणत्या न्यायाने?

डोंगरातले खासी, गारो लोक म्हणाले, आमच्यावर असमिया लादता, मग आमचा सवता सुभा बरा. १९७२ साली मेघालय वेगळे राज्य झाले. भाषा लादली की मुलूख तुटतो, तो असा.

त्याच १९६० साली हेमांग विश्वास आणि भूपेन हजारिका या गाणाऱ्यांनी असमिया आणि बंगाली कलावंतांचे एक पथक केले आणि दंग्याने होरपळलेल्या गावांतून एकजुटीची गाणी म्हणत ते हिंडले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांचे कलापथक ज्या गिरणगावाने डोक्यावर घेतले, त्याला या कामाची किंमत सांगायला नको.

तारीख आणि कागद

१९७९ ला मंगलदोईच्या पोटनिवडणुकीच्या मतदारयादीवरून आसामात मोठे आंदोलन उठले. विद्यार्थी पुढे होते, बायाबापड्या मागे होत्या. सहा वर्षे ते चालले आणि शेकडो जिवांची आहुती पडली. पण याच काळात, १८ फेब्रुवारी १९८३ ला, नेल्ली भागात एका दिवसात बंगाली मुसलमान शेतकऱ्यांची कत्तल झाली. सरकारी आकडाच अठराशेच्या वर आहे. मेलेल्यांत लेकरे आणि बाया फार, कारण त्यांना पळता आले नाही. हे सांगितल्याशिवाय आसामची कथा सांगणे म्हणजे अर्धी हजेरी लावून पुरा पगार मागणे.

१५ ऑगस्ट १९८५ ला करार झाला. २४ मार्च १९७१ नंतर आलेला परका, मग तो हिंदू असो की मुसलमान, असे ठरले. आसामी लोकांची भाषा आणि संस्कृती राखायला सहाव्या कलमाने घटनात्मक संरक्षणाचे वचन दिले. म्हणून २०१९ साली धर्म पाहून नागरिकत्व देणारा कायदा आला, तेव्हा आसाम खवळला. त्याचे म्हणणे साधे होते: दिलेली तारीख पाळा.

त्याच २०१९ ला ३१ ऑगस्टला नागरिकांची यादी लागली. तीन कोटी तीस लाख अर्जदारांतून १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली. कुणाच्या बापाचे नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. सासरी गेलेल्या बाईकडे माहेरचा पुरावा नाही. ब्रह्मपुत्रेने घर नेले, घराबरोबर कागदाची पेटी नेली.

बंधूंनो, कागदाचे हे दुखणे आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्या जमिनीवर टॉवर उठले. तिथल्या घराचा हक्क मागायला गेलो, तेव्हा आम्हालाही एक तारीख सांगितली: १ जानेवारी १९८२. त्या दिवशी किंवा त्यानंतर गिरणीत होता याचा पुरावा आणा. हजेरीचे तिकीट आणा, फंडाची पावती आणा. तीस-तीस वर्षे साच्यावर उभे राहून ज्याचे कान गेले, त्याला विचारतात, तू कामगार कशावरून? म्हणून आम्ही म्हणतो, गरिबाचा कागद हरवला एवढ्यावरून त्याचे माणूसपण हरवत नाही.

आमचे म्हणणे

एक: आसामात शाळा, कचेरी आणि नोकरी यांत असमियाचा पहिला मान राहिलाच पाहिजे. सहाव्या कलमाचे वचन पुरे झालेच पाहिजे.

दोन: बोडो, कारबी, बंगाली आणि मळ्यातला मजूर यांच्या भाषांचा गळा दाबून असमिया मोठी होणार नाही. मैमनसिंगहून आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी १९५१ च्या शिरगणतीत आपली मातृभाषा असमिया लिहिली, पोरे असमिया शाळेत घातली. भाषा वाढते ती अशी, माणूस आपलासा करून.

तीन: सरहद्द राखणे हे सरकारचे काम. त्यात कसूर झाली तर जाब दिल्लीला विचारा, वाळूच्या बेटावरच्या झोपडीला नको.

आपण तरी कोण? कोकणातून बोटीने, घाटावरून पायी, पोटापायी मुंबईला आलेले. शेजारच्या साच्यावर तेलुगू पद्मशाली होता, मदनपुऱ्याचा जुलाहा होता, उत्तरेचा भय्या होता. संपाच्या दिवशी एकत्रच बाहेर पडलो. मराठी राज्य आपण मागितले ते मालकाच्या तिजोरीविरुद्ध, शेजारच्या साच्यावरल्या गड्याविरुद्ध नव्हे. ती शिकवण आसामला कळवा आणि आपणही विसरू नका.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!