वाघाचा वासाचा निरोप

गल्लीतली दोन कुत्री समोरासमोर आली की आधी एकमेकांभोवती फिरतात, शेपटीखाली हुंगतात आणि मगच खेळायचं की गुरगुरायचं ते ठरवतात. समोरचा नर की मादी, ओळखीचा की परका, हे त्यांना वासावरून कळतं. वाघाचा रामराम मात्र समोर न येताच होतो, आणि मला तो फार विलक्षण वाटतो.

वाघ एकटा राहतो. शेजाऱ्याशी रोज झुंजणं त्याला परवडत नाही, कारण पाय जायबंदी झाला तर शिकार सुटली आणि उपासमार आली. म्हणून हद्दीतून फिरताना तो जागोजागी वास ठेवून जातो. झाडाकडे पाठ करतो, शेपूट ताठ उभी करतो आणि मागच्या मागे, वरच्या दिशेनं फवारा उडवतो. नेपाळमधल्या चितवनच्या जंगलात अभ्यासकांना दिसलं, की वाघ त्यासाठी कललेली झाडं पसंत करतात. खोडाच्या खालच्या अंगाला पाऊस लागत नाही, तिथे वास टिकतो.

या फवाऱ्याचा वास चक्क बासमती तांदळासारखा येतो! कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्याचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. ओडिशात सिमलीपालला माणसांत वाढलेल्या खैरी नावाच्या वाघिणीचाही त्यांनी अभ्यास केला. बासमतीला सुगंध देणारा २-ॲसिटिल-१-पायरोलिन हा रेणू वाघाच्या फवाऱ्यातही असल्याचं त्यांनी दाखवलं. आपल्या आंबेमोहराचा घमघमाटही मुख्यतः त्याचाच. फवाऱ्यात स्निग्ध पदार्थ असतात. ते वास धरून ठेवतात, एकदम उडू देत नाहीत.

आता दुसरा वाघ तिथे येतो. खोडाला नाक लावतो, मग मान वर करतो, नाकावर सुरकुत्या घालतो, वरचा ओठ मागे खेचतो, जीभ बाहेर काढतो आणि क्षणभर तसाच थांबतो. पाहणाऱ्याला वाटावं, त्याला किळस आली! खरं तर तो वास टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवत असतो. त्याची वाट वरच्या पुढच्या दातांमागे उघडते. फवारा कोणाचा, ताजा की शिळा, हे त्याला तिथून उमगतं. माजावर येणारी वाघीण जास्त वेळा फवारे मारते, आणि नराला तिचा माग लागतो. वास शिळा होऊ लागला, नवा फवारा पडेना, की शेजारी हद्दीत पाय टाकतो. त्यामुळे जिवंत वाघाला ही फेरी चुकवता येत नाही.

ताडोबा, पेंच, मेळघाटला आपण जातो ते वाघ दिसावा म्हणून. नाही दिसला तर हिरमुसून परततो. पुढच्या वेळी जाताना कृपा करून अत्तर किंवा सेंट लावू नका. वाटेवरचं फवारा मारलेलं झाड दाखवायला गाईडला सांगा, आणि गाडीत बसूनच दोन मिनिटं दीर्घ श्वास घ्या.