थरथरता हातही मोजा

बारामतीकरांनी हॉल दिला, चहा दिला, माइक माझ्या तोंडाजवळ आणून ठेवला. त्यांचे आभार. आजच्या सभेच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचेही आभार; दुपारपर्यंत त्यांना पश्चात्ताप झाला नाही म्हणजे मिळवली.

अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायचा असा प्रघात आहे. तो छापील अहवालात आहे. मेळावे झाले, व्यायामाचे वर्ग झाले, ११ एप्रिलचा जागतिक पार्किन्सन दिन झाला. घरी जाऊन वाचा. मला जे बोलायचंय ते मी बरीच वर्षं पोटात ठेवलंय आणि माझा आवाज दरवर्षी थोडा खाली जातोय, तेव्हा आजच बोललेलं बरं. देशभर काम करणारी आपली ही संस्था पार्किन्सनसाठी आहे आणि तिच्या विश्वस्त मंडळात पार्किन्सन झालेला एकही माणूस नाही.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या सभा विभागात गेली. संचालक मंडळाची इतिवृत्तं लिहायची, विषयपत्रिका काढायची, कोरम मोजायचा. माळेगाव घ्या, सोमेश्वर घ्या, भवानीनगरचा छत्रपती घ्या. ज्यांच्या शेतात उसाचं कांडं नाही अशांच्याच हाती कारखाना द्यायचा, असं इथल्या एखाद्या सभासदाला म्हणून बघा. वार्षिक सभेत खुर्च्या उडतील. मंडळात तज्ज्ञ असतात, बँकेचा माणूस असतो, पण ऊसवाल्याला बाहेर बसवून नव्हे. आपल्याकडे न्यूरॉलॉजिस्ट आहेत, सी.ए. आहेत, निवृत्त सनदी अधिकारी आहेत, देणगीदार आहेत. सगळे सज्जन. शुभार्थीला, म्हणजे पार्किन्सन झालेल्या माणसाला, बोलावतात ते पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला आणि फोटोत पुढे बसायला.

एक शुभार्थी विश्वस्त होते. इंदापूर तालुक्यातले डाळिंब बागायतदार. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. सभा पुण्यात, दुपारी दोनला, जेवणानंतर. लेवोडोपा ही पार्किन्सनवरची गोळी घेणाऱ्या कुणालाही विचारा, वरण-पनीर पोटात गेलं की गोळी रेंगाळते. विषय असा होता की, एक मोठी देणगी आली आहे, ती मेंदूतल्या शस्त्रक्रियेच्या मदतीसाठी राखून ठेवायची की तालुक्या-तालुक्यांत गोळ्यांची सोय करायची. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" बागायतदारांनी तोंड उघडलं. पण आपला आवाज निघायला वेळ लागतो. चेहरा कोरा राहतो, त्यावरून समोरच्याला काही कळत नाही. उजवा हात त्यांनी टेबलाखाली मांडीवर दाबून धरला होता, म्हणजे तोही वर गेला नाही. "नाही ना? मग शस्त्रक्रियेसाठी राखीव, सर्वानुमते मंजूर." मी मागच्या रांगेत निरीक्षक म्हणून बसलो होतो. चिटणीसांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा विषय पुकारला.

परतीच्या वाटेवर, यवत ओलांडल्यावर, त्यांची गोळी लागू झाली आणि आवाज सुटला. "आमच्याकडं रविवारी दुकान बंद. शनिवारी पाकीट संपलं तर सोमवारपर्यंत मी खाटेवर. कूस बदलायला बी माणूस लागतंय." एवढंच त्यांना सांगायचं होतं. शस्त्रक्रिया आधी की गोळी आधी, यावर आपले विद्वान सहकारी अजून लेख लिहितात. माझ्यापुरता तो वाद यवतला मिटला. शस्त्रक्रिया वाईट नाही, काहींना ती फार उपयोगी पडते. पण ती निवडक लोकांची आहे. गोळी सगळ्यांची, आणि दर तीन-चार तासांची. जो एक डोस चुकवून खाटेवर पडलाय, त्याने हात वर करताना चूक केली नसती.

पुढच्या सभांना ते गेले नाहीत. घटनेप्रमाणे सलग तीन सभा गैरहजर, म्हणून पद रिक्त. चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत दाखल. कागद चोख. गप्प बसलेल्या माणसाची संमती कशी लिहून टाकतात, हे मला कुणी शिकवायला नको.

शुभार्थींना मंडळात घेण्यावरचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला सहीचा. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं. माझा आजार डॉक्टरांच्या आधी माझ्या प्रोसिडिंग बुकात उतरला होता: पानाच्या वर ठराव ठसठशीत, खाली सूचक-अनुमोदक वाचायला भिंग लागावं. आमच्या इथल्या गटाचा चेक एका बँकेने 'सही जुळत नाही' म्हणून परत केला, तेव्हा खजिनदार बदला असा सल्ला आला. आम्ही खजिनदार नाही बदलला. सहीचा नवा नमुना दिला आणि तिघांपैकी कुणाही दोघांच्या सह्या असा ठराव केला. दहा मिनिटांचं काम.

दुसरा आक्षेप, हे लोक थकतात. थकतात ना! मग सभा सकाळी अकराला घ्या, गोळी चढलेली असते तेव्हा. जेवण नंतर. दर तासाला थांबा. निरोगी विश्वस्त दुपारी दोनच्या सभेत डुलक्या घेताना मी पाहिलेत, त्यांच्या क्षमतेवर कुणी प्रश्न काढला नाही.

तिसरा, की हे लोक फक्त स्वतःचं दुखणं मांडतील. मांडू द्या की! आपल्या गटात द्राक्षवाले, ऊसवाले नेहमी एकच विचारतात, "फवारणीनं झालं का हो हे?" वरून उत्तर येतं की हा आपला विषय नाही. पॅराक्वाट नावाचं तणनाशक आणि पार्किन्सन यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. युरोपीय संघात ते २००७पासून बंद आहे. कीटकनाशकांशी संबंध आलेल्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन फ्रान्सने २०१२ साली व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. कुणा एकाला बोट दाखवून 'तुझा आजार फवारणीचाच' असं सांगता येत नाही, हे मलाही कळतं. पण पाठीवर पंप घेतलेला माणूस मंडळात असता तर हा विषय विषयपत्रिकेवर तरी आला असता.

बाहेर पाहा. ब्रिटनमधली संस्था १९६९ साली माली जेन्किन्स यांनी काढली, बहिणीच्या आजारपणातून. अमेरिकेत मायकेल जे. फॉक्स या नटाने २००० साली स्वतःला आजार असताना प्रतिष्ठान उभं केलं. इतकं लांब कशाला, पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ शुभार्थींनी आणि त्यांना सांभाळणाऱ्या शुभंकरांनीच वाढवलं, घरी जाऊन भेटी घेत. खुद्द जेम्स पार्किन्सनने १८१७चा तो निबंध सहा माणसांवरून लिहिला, त्यातली काही तर त्याला रस्त्यात दिसलेली. त्याने निदान रस्त्यावर पाहिलं! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत पार्किन्सनला नाव घेऊन जागा दिली. आपल्या संस्थेच्या घटनेत ती जागा नाही.

पुढच्या कामांबद्दल बोलायचं राहिलंच. रविवारी उघडं राहणारं एक तरी औषध दुकान प्रत्येक बाजारगावात शोधायचं आहे. फवारणीबद्दल गावोगाव विचारून टिपणं करायची आहेत. कशी, ते डॉक्टरांशी बसून ठरवू. बारामतीच्या शासकीय मेडिकल कॉलेजशी बोलावं असं मनात आहे. बघू.

अध्यक्षाने ठराव मांडू नये म्हणतात. मी मांडतोय. विश्वस्त मंडळाच्या निम्म्या जागा शुभार्थी आणि शुभंकरांच्या, त्यात शुभार्थी जास्त, आणि अध्यक्ष शुभार्थीच. सूचक मी आहे, अनुमोदक हवा. मतदान हात वर करून, जेवणाआधी. हात वर जायला वेळ लागेल, तेव्हा मोजणाऱ्यांनी दोनदा मोजावं.