ख्रिस्ती जीवनातील अंतःकरणपूर्वक प्रार्थना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात ख्रिस्ती प्रार्थनेचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्या वर्धा जिल्ह्यातच आहे. पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले, आणि त्यांच्याच प्रेरणेने भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७४ साली, जिनेंद्र वर्णीजींच्या परिश्रमातून ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. दुसऱ्याच्या धर्मातील सार आदराने पाहावे, ही शिकवण आपल्याला घराजवळच मिळाली आहे.

प्रारंभीच एक भेद मान्य केला पाहिजे. आपले तीर्थंकर वीतराग आहेत. ते कोणावर प्रसन्न होत नाहीत, कोणाला काही देत नाहीत. आपण वंदन करतो ते गुणांना. ख्रिस्ती भाविक मात्र परमेश्वराला पिता म्हणून हाक मारतो, त्याच्याशी बोलतो, त्याच्याकडे मागतो. हा भेद खरा आहे व तो झाकण्याचे कारण नाही. पण तो मागतो काय आणि मागताना स्वतःला कोणत्या बंधनात घालून घेतो, हे पाहिले म्हणजे त्या प्रार्थनेचे मर्म उलगडते.

येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनात प्रार्थनेविषयीचा उपदेश आहे. लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचे फळ तेथेच मिळून गेलेले असते, असे ते सांगतात. प्रार्थना करावयाची तर खोलीत जावे, दार लावून घ्यावे, आणि शब्दांचा पसारा करू नये. अन्यत्र त्यांनी एक दृष्टान्त दिला आहे. मंदिरात दोन माणसे येतात. एक आपल्या उपवासांचा व दानाचा पाढा वाचतो. दुसरा, लोकांच्या तिरस्कारास पात्र झालेला जकातदार, मान खाली घालून केवळ दयेची याचना करतो. येशूंच्या मते हा दुसराच देवाच्या दृष्टीने निर्दोष ठरून घरी जातो.

त्याच प्रवचनात त्यांनी शिष्यांना एक लहानशी प्रार्थना शिकविली. ती म्हणावयास एक मिनिटही लागत नाही. तिच्यातील तीन गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

पहिली गोष्ट अशी, की तीत ‘माझे’ हा शब्द नाही, सर्वत्र ‘आमचे’ आहे. एकटा माणूस दार लावून बसला, तरी मागतो ते सर्वांसाठी. दुसरी गोष्ट म्हणजे तीत भाकर मागितली आहे ती आजच्या दिवसापुरती. कोठार भरून मागितलेले नाही. अपरिग्रहाचे व्रत ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हा सूर परका वाटणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. तेथे पापांच्या क्षमेसाठी मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘ऋण’ हा शब्द आला आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना ऋण सोडले, त्याप्रमाणे आमचेही ऋण सोडावे, असा त्या मागणीचा आशय आहे. आपला समाज व्यापारी आहे. ऋण सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला निराळे सांगावे लागत नाही. वहीतली रक्कम सोडताना तोटा सोडणाऱ्याचाच होतो. तसेच अपमान सोडताना, जुने वैर सोडताना, आपल्या हक्काचे काहीतरी आपल्यालाच सोडावे लागते. प्रार्थना संपताच येशू पुन्हा याच एका मागणीवर येतात आणि बजावतात, की तुम्ही क्षमा केली नाही, तर तुम्हालाही क्षमा मिळणार नाही. अंतःकरणपूर्वक प्रार्थनेची कसोटी त्यांनी अशी प्रार्थनेच्या बाहेर, व्यवहारात ठेवली आहे.

आणि मागितलेले मिळालेच नाही तर? स्वतः येशूंच्या बाबतीत तसेच घडले. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, हे दुःख टळावे, अशी त्यांनी प्रार्थना केली. पण माझ्या इच्छेप्रमाणे न होता पित्याच्या इच्छेप्रमाणे होवो, असेही म्हटले. दुःख टळले नाही. त्या प्रार्थनेतून उठलेला पुरुष मात्र पकडावयास आलेल्यांपुढे निर्भयपणे उभा राहिला. म्हणून ख्रिस्ती साधक प्रार्थनेचे फळ केवळ मागणी पुरी होण्यात मोजत नाहीत.

महाराष्ट्रात या प्रार्थनेला मराठी कंठ लाभला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांचे मन निघेना. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाईंची व त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही तो धर्म स्वीकारला, आणि ती सारी कथा ‘स्मृतिचित्रे’मध्ये निर्मळपणे सांगितली. टिळकांनी अभंग व कीर्तन या आपल्या मातीतील वाटांनी ख्रिस्ती उपासना मराठी घरांत आणली. मनातले मागणे मायबोलीतच खरे उमटते, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या सेवाग्रामशी या विषयाचा संबंध आणखी निकटचा आहे. तेथील सर्वधर्म प्रार्थनेची परंपरा आपण जाणतो. गांधीजींना प्रिय असलेल्या ख्रिस्ती गीतांपैकी एक इंग्रज धर्मोपदेशक जॉन हेन्री न्यूमन यांचे आहे. १८३३ साली, सिसिलीतील गंभीर आजारातून उठून परतताना, वाऱ्याअभावी जहाज समुद्रात खोळंबले असता त्यांनी ते रचले. नरसिंहराव दिवेटिया यांनी केलेले त्याचे गुजराती रूपांतर आश्रमाच्या प्रार्थनेत म्हटले जाई. या गीताचा कवी दूरचा मार्ग दिसावा असे मागत नाही. पुढच्या एका पावलापुरता प्रकाश त्याला पुरतो.

वर्ध्याच्या मगनवाडीत डॉ. जे. सी. कुमारप्पा राहिले. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेला, लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतलेला हा विद्वान, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कामात येथे रमला. बेचाळीसच्या आंदोलनातील कारावासात त्यांनी येशूंच्या आचार-उपदेशावर पुस्तक लिहिले, तसेच टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडणारेही लिहिले. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांसाठी झिजलेले त्यांचे आयुष्य पाहिले, की ‘आमची आजची भाकर’ या मागणीचा अर्थ एखादा माणूस हातांनी कसा फेडतो, ते मला तरी दिसते.

शेवटी येशूंचे आणखी एक सांगणे आपल्यापुढे ठेवतो. वेदीवर अर्पण आणले असता, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. येथे राग आपल्या मनात आहे का, असे विचारलेले नाही. भावाच्या मनात आहे का, असे विचारले आहे.

आपल्याकडे क्षमापनेचे पर्व आहे. आज मोबाईलवरून क्षमायाचनेचा संदेश क्षणात शेकडो जणांना जातो. ज्याच्याशी भागीदारीवरून किंवा वाटणीवरून वर्षानुवर्षे बोलणे बंद आहे, त्याच्या दारी मात्र आपले पाऊल पडतेच असे नाही. ख्रिस्ती साधकाची प्रार्थना आणि आपले प्रतिक्रमण यांची वाट वेगळी असेल, पण दोघांनाही त्या दारावरून जावे लागते. संस्थेच्या एक्कावन्नाव्या वर्षात आपल्यापैकी प्रत्येकाने असे एक दार आठवावे आणि प्रत्यक्ष जाऊन ठोठावावे, एवढी विनंती करून मी थांबतो.

जय जिनेंद्र.